काही नाही, घरीच होतो!

मुलांनो, सोमवारी सकाळी सर वर्गात विचारतात, "काल रविवारी काय केलेत?" एखादा मुलगा उठतो आणि म्हणतो, "काही नाही सर, घरीच होतो." शाळेचा एखादा फॉर्म भरताना प्रश्न येतो, "आई काय करते?" तेव्हाही आपल्या तोंडून तेच उत्तर निघते, "काही नाही, घरीच असते."

हे 'काही नाही' म्हणजे नेमके काय असते? आज आपण ते पाहू या. त्यासाठी आपल्याला दूर कोठे जायचे नाही. घरातच बसायचे आहे, पण डोळे उघडे ठेवून.

समजा, तुमचे घर गेवराईत आहे. गेवराई हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. धुळ्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग या गावावरून जातो. तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी नदी वाहते. इकडचे लोक तिला प्रेमाने 'गंगा' म्हणतात. महामार्गावर रात्रंदिवस वाहने धावतात. पण आपल्या गल्लीत तो आवाज पोहोचत नाही. पाऊस उघडला आहे. दसरा जवळ आला आहे. शेतात कापसाची बोंडे फुटू लागली आहेत. आज रविवार आहे आणि तुम्ही घरीच आहात.

सकाळी तुम्ही उठता, तेव्हा अम्मीची निम्मी कामे झालेली असतात. अंगण झाडून झालेले असते. नळाला पाणी आले असेल, तर आधी पिण्याचे पाणी भरायचे, मग वापरायचे. त्यानंतर लगेच कपडे धुवायचे, म्हणजे उन्हाचा पूर्ण फायदा मिळतो. भांडी सावलीतही घासता येतात, म्हणून ती मागाहून. हा क्रम कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही. पण तो चुकला, तर सगळा दिवस चुकतो. कोणते काम आधी आणि कोणते नंतर हे ठरवणे हेही एक कामच आहे. ते डोक्यात चालते, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आता अम्मी भाकरी करायला बसते. तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? गव्हाचे पीठ ती साध्या पाण्याने मळते. पण ज्वारीच्या पिठात गरम पाणी घालते. असे का? गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले, की त्यात ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो. त्यामुळे पोळी लाटताना तुटत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसते. पण गरम पाण्याने ज्वारीच्या पिठातील स्टार्च चिकट होते आणि भाकरी थापता येते. पीठ फार जुने झाले, तर भाकरीला चिरा पडतात. मग घरातली बाई म्हणते, "पिठाची विरी गेली." ग्लुटेन हा शब्द तिने ऐकलेला नसेल. पण ती गोष्ट तिच्या बोटांना माहीत असते.

भाकरी झाल्या. आता घरातील सर्व अंथरुणे बाहेर निघतात. पावसाळ्यात ती दमट झालेली असतात. त्यांना ऊन दाखवायचे असते. दादी एकेक गोधडी झटकून पाहते. एका गोधडीचा काठ उसवला आहे. दुसरी इतकी विरली आहे, की तिच्यावर नवे कापड घालावे लागणार. दादी तुम्हांला हाक मारते, "बेटा, सुईत धागा ओवून दे. मला नेढे दिसत नाही."

सुईच्या डोळ्याला मराठीत 'नेढे' म्हणतात. हे लहानसे छिद्र ही माणसाची फार जुनी युक्ती आहे. सायबेरियातील एका गुहेत हाडापासून केलेल्या, नेढे असलेल्या सुया सापडल्या आहेत. त्या सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात. तेव्हा शेती नव्हती, गावे नव्हती, लिहिणे-वाचणे नव्हते. पण थंडीत अंगावर पांघरण्यासाठी माणूस शिवत होता.

शेजारची तुमची मैत्रीण इतक्यात येते. ती मराठी शाळेत जाते. तुम्ही म्हणता 'सुई-धागा', ती म्हणते 'सुई-दोरा'. तुम्ही म्हणता 'गुदडी', ती म्हणते 'गोधडी'. तिची आजी म्हणते 'वाकळ'. तुम्ही म्हणता 'टाँका', ती म्हणते 'टाका'. पण 'अस्तर', 'रफू', 'जरी' आणि 'कशिदा' हे शब्द दोघींच्या घरांत सारखेच आहेत. हे शब्द फारसीतून आले आणि उर्दूतही राहिले, मराठीतही राहिले. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात टोपण घालतो. त्याला मराठीत 'अंगुस्तान' म्हणतात. त्यात फारसी 'अंगुश्त', म्हणजे बोट, हा शब्द आहे. शिवणकामाच्या डब्यात दोन्ही भाषा शेजारीशेजारी नांदतात.

आता गोधडी कशी करतात ते पाहा. जुनी लुगडी, साड्या, धोतरे, ओढण्या, चादरी असे मऊ झालेले कापड घ्यायचे. नवे कापड कडक असते. वापरून आणि धुऊन मऊ झालेले कापड अंगाला बरे वाटते. सर्व कपडे स्वच्छ धुऊन वाळवायचे. एक मोठे कापड जमिनीवर अंथरायचे. त्यावर दुसरे, तिसरे, चौथे असे थर लावायचे. सुरकुती राहू द्यायची नाही. चारही कोपऱ्यांवर काहीतरी वजन ठेवायचे. मग मोठ्या टाक्यांनी सर्व थर तात्पुरते अडकवायचे आणि धावदोऱ्याने शिवायला लागायचे. सुई खाली जाते, वर येते, पुन्हा खाली जाते. दोरा धावत जातो, म्हणून त्याला धावदोरा म्हणतात.

गोधडी ऊबदार का असते? कापडात स्वतःची उष्णता नसते. ऊब आपल्याच शरीराची असते. गोधडीच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. स्थिर हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही. त्यामुळे आपल्या अंगाची ऊब आपल्यापाशीच राहते. पण थर एकमेकांवरून सरकले, तर एका जागी गोळा होतो आणि दुसरी जागा पातळ पडते. टाके ते थर जागच्या जागी धरून ठेवतात. म्हणजे टाका हा केवळ शोभेसाठी नसतो. ऊब सगळीकडे सारखी राहावी यासाठी तो असतो.

एका गोधडीला किती टाके लागत असतील? चला, हिशेब करू. गोधडी १८० सेंटिमीटर लांब आणि १२० सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. दोन-दोन सेंटिमीटरांवर एक ओळ घातली, तर ६० ओळी होतात. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून दोन सेंटिमीटर धरले, तर एका ओळीत ९० टाके येतात. ६० गुणिले ९० म्हणजे ५,४०० टाके! दादी थंडीसाठी एक गोधडी शिवते, तेव्हा तिचा हात ५,४०० वेळा खाली-वर जातो. ओळी याहून जवळ घातल्या, तर टाके आणखी वाढतात. आणि आपण म्हणतो, "दादी काही नाही, बसलेली असते."

गोधडीतील कापडांना आठवणीही असतात. हा निळा तुकडा अब्बांच्या जुन्या सदऱ्याचा. हा फुलाफुलांचा तुकडा आपाच्या लहानपणच्या झग्याचा. उर्दूत 'गुदडी का लाल' अशी म्हण आहे. गरिबाच्या घरी जन्मलेल्या गुणी मुलाला तसे म्हणतात. लाल म्हणजे माणिक. गोधडी साधी असते, पण तिच्या आत मोलाचे काही असू शकते, हे ज्याने ही म्हण केली त्याला ठाऊक असले पाहिजे.

दादी शिवत असताना अंगणातल्या लिंबाच्या झाडातून मोठा आवाज येतो, "टुविट, टुविट, टुविट!" आवाज मोठा, पण पक्षी मात्र चिमणीहूनही लहान. पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी आणि वर उचललेली शेपटी. हा शिंपी पक्षी. उर्दूत आपण ज्याला दर्जी म्हणतो, तोच मराठीतला शिंपी. हे नाव त्याला उगाच मिळालेले नाही. तो खरोखर शिवतो.

तो एक मोठे पान किंवा जवळजवळची दोन-तीन पाने निवडतो. चोचीने पानाच्या काठाला बारीक बारीक भोके पाडतो. मग कापसाचे तंतू किंवा कोळ्याच्या जाळ्याचे धागे त्या भोकांतून ओवतो आणि पानाचे काठ एकमेकांजवळ आणतो. पानांची अशी पिशवी तयार झाली, की तिच्यात कापूस आणि मऊ तंतू भरून घरटे करतो. पूर्वी काही लोकांना वाटे, की तो दोऱ्याला गाठही मारतो. पण तो गाठ मारत नाही. भोकातून बाहेर आलेला कापूस पिंजून पसरतो आणि बटणासारखा अडकून बसतो. भोके इतकी लहान असतात, की पान वाळत नाही, हिरवेच राहते. त्यामुळे घरटे चटकन कोणाला दिसत नाही. कापसाच्या या मुलखात शिंप्याला धाग्याची काय कमी!

घरटे सापडले, तर दुरूनच पाहा. फांदी वाकवू नका. पाने विलग झाली, तर पिले उघड्यावर पडतात.

दुपार झाली. जेवणे उरकली. भांडी घासायला तुम्ही मदत केली असेल, अशी आशा आहे. आता दोघे-चौघे मित्रमैत्रिणी जमतात आणि गावाबाहेरच्या विहिरीकडे निघतात. विहिरीवर एक बाभळ वाकलेली आहे. तिच्या फांद्यांना वाळलेल्या दुधीभोपळ्यांसारखी घरटी लोंबत आहेत. ही सुगरणीची घरटी. त्यांना 'खोपे' म्हणतात. विहिरीच्या काठावर फार पुढे जाऊ नका. मोठे माणूस बरोबर असू द्या.

सुगरण म्हणजे स्वयंपाकात आणि घरकामात हुशार असलेली बाई. इतका सुबक खोपा विणणारी ती घर सांभाळणारी बाईच असणार, असे लोकांना वाटले. म्हणून त्यांनी पक्ष्याला हे नाव दिले. पण गंमत ऐका. खोपा विणतो तो नर! विणीच्या काळात नराचे डोके पिवळेधमक होते आणि चेहरा काळसर. मादी चिमणीसारखी साधी दिसते. नर गवताच्या पात्याला चोचीने चीर पाडतो, उडत मागे जातो आणि लांब पट्टी सोलून काढतो. ती फांदीला गुंडाळतो, गुंफतो, ओढून घट्ट करतो. एक खोपा पुरा करायला तो पाचशेपर्यंत फेऱ्या घालतो. आपल्या गोधडीचे टाके आठवा आणि या फेऱ्या आठवा.

खोपा अर्धा झाला, की मादी पाहायला येते. ती आत जाते, फिरते, चोचीने ओढून बघते. तिला पसंत पडला, तर नर पुढचे काम करतो; खाली नळीसारखे दार विणतो. पसंत पडला नाही, तर खोपा तसाच अर्धवट राहतो. विहिरीवर किंवा काटेरी झाडावर लोंबणाऱ्या अशा खोप्यात साप आणि इतर शत्रू सहज शिरू शकत नाहीत. पण सगळे कौतुक नराचेच करू नका. खोपा पुरा झाला, की तो दुसरा खोपा विणायला जातो. अंडी उबवते मादी, आणि पिलांना चारा भरवण्याचे बहुतेक कामही तीच करते.

हे सर्व कोणी शोधून काढले? त्यांचे नाव डॉ. सलीम अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच वारले, म्हणून ते मामांच्या घरी वाढले. लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'त गेले. तेथे त्यांनी पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी पाहिले, आणि पक्षी हाच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

१९३० साली ते जर्मनीतून शिक्षण घेऊन परतले, तेव्हा त्यांची मुंबईतील नोकरी उरली नव्हती. दुसरी नोकरी मिळेना. मग ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले. लोकांच्या दृष्टीने ते बेकार होते, घरी बसले होते. पण घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली दिवसेंदिवस तिच्याकडे पाहत राहिले आणि दिसेल ते लिहीत राहिले. नर अर्धा खोपा बांधतो, मादी पारखते, मग नर दुसरा खोपा सुरू करतो, हे त्या निरीक्षणातून जगाला नीट कळले. पुढे १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १९८७ मध्ये ते वारले. त्या वेळी कोणी त्यांना विचारले असते, "सध्या काय करता?" तर तेही म्हणू शकले असते, "काही नाही, घरीच आहे!"

सुगरणीचा खोपा आणखी एका व्यक्तीने बारकाईने पाहिला होता. त्या होत्या बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० मध्ये त्यांचा जन्म झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. दळताना, शेतात राबताना त्या मनातल्या मनात कविता रचत आणि गात. सुगरणीच्या खोप्यावरही त्यांची कविता आहे. घरातल्या माणसांनी त्या कविता लिहून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या आणि पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले. कोणी लिहून ठेवले नसते, तर ते धन जात्यावरच्या पिठासारखे उडून गेले असते.

याहून कितीतरी जुनी गोष्ट आपल्या गोदावरीच्याच काठची आहे. गेवराई तालुक्याजवळून वाहणारी गंगा पुढे गंगाखेडला जाते. ते संत जनाबाईंचे गाव. त्या संत नामदेवांच्या घरी काम करीत. दळणे, झाडणे, पाणी भरणे, धुणे ही घरातली कामे त्यांच्या अभंगांत येतात, आणि या कामांत देव आपल्या मदतीला येतो असे त्या सांगतात. सातशे वर्षे झाली, तरी लोक ते अभंग गातात. मराठीत सुईत दोरा घालण्याला 'ओवणे' म्हणतात आणि जात्यावरच्या गाण्याला 'ओवी'. ओवी म्हणजे शब्द ओवलेले, असे मानतात. दादी दोरा ओवते, जनाबाई शब्द ओवत.

संध्याकाळी आपण पुन्हा गल्लीत येतो. शेजारी कडुनिंबाखाली एक मोठी वाकळ अंथरली आहे. ती मैत्रिणीच्या घरची. काकू, तुमची अम्मी आणि गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी चारही बाजूंनी शिवायला बसल्या आहेत. इतकी घाई का? कारण दिवाळीच्या आसपास काकू आणि काका ऊसतोडीला जाणार आहेत.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी फार मोठ्या संख्येने कुटुंबे ऊस तोडायला जातात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या भागात ती पाच-सहा महिने राहतात. तेथे उघड्या रानात पाचटाची खोपटी बांधतात. त्यांना 'कोप' किंवा 'कोपी' म्हणतात. 'खोपा' आणि 'कोपी' हे शब्द किती जवळचे वाटतात पाहा! थंडीच्या रात्री त्या कोपीत भिंत असते पाचटाची आणि पांघरूण असते ही वाकळ.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. माणसे दोन, कोयता एक. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या वाहते, संध्याकाळी पुन्हा चूल पेटवते. ऊस तोडल्याचे पैसे कोयत्याच्या नावावर मिळतात. भाकरी, पाणी, धुणे आणि मुले सांभाळणे यांचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो.

मैत्रीण आज जरा गप्प आहे. तिने जायचे की आजीपाशी राहायचे, ते अजून ठरलेले नाही. ती राहिली, तर तिची शाळा चालू राहील. मागे राहणाऱ्या अशा मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहांची योजनाही आणली आहे. पण ती राहिली, तर तिकडे धाकट्या भावाला कोण सांभाळणार? एका लहान मुलीची शाळा घरकामाच्या प्रश्नावर येऊन थांबली आहे. आता सांगा, घरकाम म्हणजे 'काही नाही' कसे?

मोजण्याचा प्रश्न केवळ ऊसतोडीचा नाही. आपल्या देशाच्या जनगणनेत जी व्यक्ती पगाराविना फक्त स्वतःच्या घरचे काम करते, तिची नोंद 'काम न करणारी' या गटात होत आली आहे. पण माणसाचा दिवस कशात जातो, हेही मोजता येते. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर तशी पाहणी केली. सहा वर्षांवरील माणसांना विचारले, की तुमच्या दिवसाचे २४ तास कोठे गेले? तेव्हा दिसले, की १०० पैकी सुमारे ८१ स्त्रिया घरातील बिनपगारी कामे करतात आणि त्यांना रोज सरासरी २९९ मिनिटे लागतात. म्हणजे पाच तासांना फक्त एक मिनिट कमी! पुरुषांपैकी अशी कामे करणारे १०० मध्ये सुमारे २६ निघाले, आणि तेही दिवसाला ९७ मिनिटे. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. तेव्हा अशी कामे करणाऱ्या स्त्रियांची २८९ आणि पुरुषांची ८८ मिनिटे भरली. फरक तसाच राहिला.

मुलग्यांनो, हे आकडे खास तुमच्यासाठी आहेत. सुगरणीच्या नराला विणकाम करायला लाज वाटत नाही. गावातला शिंपी पुरुषच असतो आणि दुकानात बसून दिवसभर शिवतो. मग घरातली सुई हातात घ्यायला लाज कसली? सदऱ्याचे बटण लावणे, उसवलेली शिवण घालणे, आपले ताट धुणे, अंथरूण काढणे ही कामे ज्याला येतात, तो परगावी शिकायला गेला तरी अडत नाही. आणि मुलींनो, ही कामे तुम्हांला येतात म्हणून ती तुमच्या एकटीची आहेत, असे मुळीच नाही.

सूर्य मावळतीला गेला आहे. कडुनिंबावर साळुंक्यांची भांडणे चालली आहेत. वाकळीच्या काही ओळी अजून राहिल्या आहेत. काकू तुमच्याकडे पाहून म्हणतात, "घालणार का एक ओळ?" तुम्ही सुई हातात घेता. पहिले टाके वाकडे पडतात. एकदा बोटाला टोचते. मैत्रीण हसते, दिवसभरात ती पहिल्यांदाच हसलेली असते. मग ती तुमच्या शेजारच्या ओळीवर बसते. दोन ओळी हळूहळू पुढे सरकतात, एक वाकडी आणि एक सरळ.

थोड्या दिवसांनी ती वाकळ दूर कोठेतरी उसाच्या फडाजवळ, एका कोपीत पांघरली जाईल. तिच्यात तुमची ती वाकडी ओळही असेल. तीही तिच्या वाटणीची ऊब धरून ठेवील.

उद्या सोमवार. सर विचारतील, "काल रविवारी काय केलेत?" या वेळी उत्तर काय द्यायचे, ते तुम्हीच ठरवा.

स्वाध्याय

१. ज्वारीच्या पिठात गरम पाणी का घालतात?
२. गोधडीतील टाक्यांचे काम काय असते?
३. शिंपी पक्षी गाठ न मारता पाने कशी शिवतो?
४. 'सुगरण' हे नाव ऐकून लोकांचा कोणता गैरसमज होतो?
५. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे काय? त्यात कोणते काम मोजले जात नाही?
६. तुमच्या घरच्या शिवणकामाच्या डब्यातील वस्तूंची नावे उर्दूत आणि मराठीत लिहा. कोणती नावे सारखी आहेत?
७. उपक्रम : येत्या रविवारी घरातील प्रत्येकाने किती मिनिटे घरकाम केले, ते घड्याळ पाहून लिहा. स्वतःची मिनिटेही लिहा. बेरीज करा आणि ती घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.